गाडी चालवायची की खाली उतरायचं?

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचे लेखी रूप)



समितीने आम्हाला 'आपला तरुण आणि त्याचा रोजगार' या विषयावर चार शब्द बोलायला सांगितले आहे. विषय मोठा आहे. आम्ही साधे गिरणी कामगार. शाळा आठवीला सुटली. पुढचं शिक्षण कार्डिंग खात्यात, युनियनच्या ऑफिसात आणि वाचनालयाच्या बाकावर झालं. तेव्हा विद्वानांसारखं भाषण आमच्याकडून होणार नाही. त्यापेक्षा आपल्याच वस्तीत घडलेला एक प्रसंग सांगतो. विचार आपण सर्वांनी मिळून करायचा आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारची वंदना आटोपली होती, माणसं पांगली होती, आम्ही सतरंज्या गुंडाळत होतो. तेवढ्यात आपल्याच चाळीतला एक तरुण दारात येऊन उभा राहिला. नाव सांगत नाही, कारण तो आज इथं बसलेला आहे. वडाळ्याहून माल भरून पुण्याकडे दहाचाकी गाडी नेणारा हा पोरगा. तो म्हणाला, "काका, एक विचारायचं होतं. गाडी उतारावर पकडत नाही. ब्रेक मारला की एका अंगाला ओढते. हवेचा काटा बघता बघता खाली येतो. मालकाला तीन वेळा सांगितलं. म्हणतो, पुढच्या खेपेनंतर बघू. मागच्या खेपेला खंडाळ्याच्या घाटात पुढच्या गाडीत आणि माझ्यात हातभर अंतर राहिलं. आता मी काय करू? चालवू की सोडू?"

आमच्या तोंडावर उत्तर तयार होतं, "सोडून दे!" पण ते आम्ही गिळलं. का गिळलं ते सांगतो.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही शाळेत होतो. मुंबईतले सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत आमचे वडील होते. मागण्या न्याय्य होत्या, यात आम्हाला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. पण घरात काय झालं तेही आम्ही पाहिलं. आधी पितळेची भांडी गेली, मग आईचे डोरले गेले, मग आमची शाळा गेली. म्हणून दुसऱ्याच्या पोराला "सोड नोकरी" असं सांगताना आमची जीभ अडखळते. सांगणारा घरी जाऊन जेवतो. सोडणाऱ्याच्या घरात एक तारखेला काय शिजणार?

त्या पोराची आई दुसऱ्या दिवशी आमच्या घरी आली. ती म्हणाली, "भाऊ, त्याला काही भलतं सांगू नका. सगळेच अशा गाड्या चालवतात. एवढ्या वर्षांनी महिन्याला बांधलेला पगार घरात येतोय." त्या माऊलीचं काय चुकलं? नवरा गेल्यावर तिने लोकांच्या घरची धुणीभांडी करून पोराला लायसन्स काढून दिलं.

आणि बंधूंनो, ही भीती एका घरातली नाही, ती पिढ्यांची आहे. याच परळ-लालबागच्या गिरण्यांत आपल्या आजोबा-पणजोबांना साळखात्यात घेत नसत. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि आपल्या माणसाने तोंड लावलेला धोटा इतरांना चालत नसे. पगार जास्त कुठे, तर साळखात्यात. आपल्याला बंदी कुठे, तर तिथेच. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला, तेव्हा कामगारांची एकी म्हणणाऱ्यांनाही त्याकडे बघावं लागलं. ज्यांच्या घरात कामाची दारं अशी बंद झालेली आहेत, त्यांच्या मनात एक गोष्ट घट्ट बसते, की मिळालेलं काम कसंही असो, सोडायचं नाही, तक्रार करायची नाही. मालकाला ही भीती बरोबर कळते. दुसरा नाही म्हणेल अशी गाडी तो आपल्याच पोराच्या हातात देतो.

आता आमच्या स्वतःच्या चुकीबद्दल बोलतो. हे आम्ही आजपर्यंत चारचौघांत सांगितलेलं नाही.

साल १९९४. आम्ही बदली कामगार होतो. रोज गेटवर उभं राहायचं, नाव पुकारलं तर काम, नाही तर घरी. कार्डिंगच्या एका मशीनचं झाकण नीट बसत नव्हतं. आत दातेरी रूळ गरगर फिरतो, त्यावरचं ते झाकण. दुरुस्तीला मशीन थांबवावं लागलं असतं, म्हणून ते तसंच ठेवून काम चाललं होतं. आम्हा चौघांना ते माहीत होतं. जॉबरला एकदा तोंडी सांगितलं, तो म्हणाला, "तुला उद्या बदली पाहिजे ना? मग गप काम कर." आम्ही गप्प बसलो. आठवड्याभरात रातपाळीला आमच्या शेजारच्या मशीनवाल्याच्या उजव्या हाताची तीन बोटं त्यात गेली. चौकशी झाली. कागदावर आलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा.' आम्ही चौघे साक्षीला उभे राहिलो नाही. राहिलो असतो तरी आमच्या हातात एक ओळ लिहिलेली नव्हती. तोंडाने सांगितलेलं जॉबरने साफ नाकारलं.

तो माणूस पुढे गावी गेला. भेटला की डाव्या हाताने जय भीम करायचा. आमच्यावर कधी राग धरला नाही. राग धरला असता तर बरं वाटलं असतं.

म्हणून त्या रविवारी आम्ही पोराला पहिला प्रश्न विचारला, "तीन वेळा सांगितलंस, ते कागदावर आहे काय?" तो म्हणाला, "नाही काका, फोनवर सांगितलं." म्हणजे १९९४ सालीच आम्ही पुन्हा उभे होतो.

दुसरा प्रश्न विचारला, "गाडीला काही झालं तर आत कोण जाईल?" तो म्हणाला, "मालक म्हणतो, इन्शुरन्स आहे, मी बघून घेईन." इथे आमच्या तरुणांनी कान देऊन ऐकावं. इन्शुरन्स नुकसानभरपाईचे पैसे देतो, तुरुंगात तुमच्या जागी कुणी जात नाही. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आली. तिच्या १०६ व्या कलमात हयगयीने कुणाचा जीव गेला तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जुन्या कायद्यात ती दोन वर्षांपर्यंत होती. याच कलमाचा दुसरा भाग, अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षे, याच्याविरुद्ध जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभर ट्रकवाल्यांनी गाड्या उभ्या केल्या. पेट्रोल पंपांवर लागलेल्या रांगा तुम्हाला आठवत असतील. तो भाग १ जुलैला लागू केला नाही. पण पहिला भाग लागू आहे.

मोटार वाहन कायद्याचं १९० वं कलम तर थेट आपल्या विषयाचं आहे. ज्या गाडीत धोकादायक बिघाड आहे हे माहीत आहे, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळलं असतं, अशी गाडी रस्त्यावर चालवणारा गुन्हेगार ठरतो. आणि चालवायला लावणारा, चालवू देणारा, तोही ठरतो. दोघेही! कायद्याने मालकाला सोडलेलं नाही. पण मालकाला माहीत होतं हे सिद्ध कशाने होणार? चालकाच्या तक्रारीच्या कागदाने. कागद नसेल तर बिघाड 'माहीत असलेला' माणूस एकच उरतो, स्टिअरिंगवर बसलेला.

९ डिसेंबर २०२४ ची रात्र आपण विसरलेलो नाही. कुर्ल्याच्या बर्वे मार्गावर ३३२ क्रमांकाची बेस्टची बस गर्दीत घुसली. नऊ माणसं गेली. गाडी बेस्टच्या नावाची, पण भाडेकराराची, आणि चालक कंत्राटी. विजेवरची मोठी बस चालवण्याचं पुरेसं शिक्षण त्याला दिलं होतं का, गाडीत बिघाड होता का, की दोष त्याचाच, यावर वर्तमानपत्रांत पुष्कळ चर्चा झाली. निकाल न्यायालय देईल, आपण देणारे कोण? पण अटक कुणाला झाली आणि किती पटकन झाली, हे चालवणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावं. आणि जी नऊ माणसं गेली ती कोण होती? आपल्यासारखीच साधी माणसं होती.

उलट उदाहरणही याच शहरातलं आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये महिन्याभरात भाडेकराराच्या तीन सीएनजी बसना आग लागली, तेव्हा बेस्टने तसल्या ४०० बस एकदम रस्त्यावरून काढल्या. बसथांब्यांवर लोकांचे हाल झाले. पण त्या उभ्या राहिल्या. म्हणजे मनात आलं तर ४०० गाड्या उभ्या राहू शकतात, आणि आमच्या पोराच्या मालकाला एक गाडी दोन दिवस गॅरेजला लावता येत नाही!

आता कुणी म्हणेल, हे सगळं खरं, पण नाही म्हणणाऱ्या चालकाच्या मागे जगात कोण उभं राहतं? एक गोष्ट आम्ही वाचली ती सांगतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यात जानेवारी २००९ मध्ये एका ट्रकवाल्याच्या मागच्या ट्रेलरचे ब्रेक थंडीने गोठले. केबिनमधला हीटर बंद. कंपनी म्हणते, ट्रेलर सोडून जाऊ नकोस. पाय बधिर व्हायला लागले तेव्हा त्याने ट्रेलर सोडवून ठेवला, मदत घ्यायला निघाला आणि पुन्हा परत आला. कंपनीने त्याला काढून टाकलं. तो लढला, आणि २०१६ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. किती वर्षं लागली? सात! म्हणून आम्ही कुणाला खोटी आशा दाखवत नाही. पण तिथे कायद्यात 'असुरक्षित गाडी चालवायला नकार देण्याचा हक्क' लिहिलेला होता, म्हणून तो लढू तरी शकला.

आपल्याकडे काय आहे? भोपाळमध्ये १९८४ साली विषारी वायूने हजारो माणसं मेली, त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात कलम घातलं गेलं, की धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात जिवाला धोका दिसला तर कामगाराने मालकाला कळवावं आणि त्याच वेळी निरीक्षकाच्याही कानावर घालावं. १९९४ साली हे कलम पुस्तकात होतं, आणि आम्हाला ठाऊक नव्हतं!  २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या सुरक्षिततेच्या संहितेत हा कळवण्याचा हक्क गाडीवाल्यांपर्यंतही आला आहे. पण त्यात एक मेख आहे. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा पाच माणसं असलेल्या धंद्याला लागू होता. नवी संहिता दहा माणसं असली तर लागू होते. सहा-सात ड्रायव्हर ठेवणारे छोटे मालक सुटले. आपली पुष्कळ पोरं अशाच ठिकाणी आहेत. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूर मंत्री होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्याचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. ते हक्क कुणी ताटात वाढून दिले नव्हते, म्हणून ते कुठून कुठून झिरपून जातात यावर आपली नजर पाहिजे.

असो. तर त्या पोराला आम्ही काय सांगितलं? आम्ही म्हटलं, "आज रात्री 'नोकरी सोडू का' हा प्रश्न बाजूला ठेव. 'ही गाडी, या अवस्थेत, घाट उतरवू का' एवढंच ठरव." त्याने क्षणभर विचार केला आणि मान हलवली. नाही. हे त्याचं त्याने ठरवलं. कालामांना तथागतांनी सांगितलं होतं, की कुणी मोठ्याने सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. ब्रेकचंही तसंच आहे. मालक म्हणतो चांगला आहे, मेस्त्री म्हणतो चालेल. पण पायाखाली पेडल कुणाच्या आहे?

मग आम्ही दोघांनी बसून चार गोष्टी ठरवल्या.

पहिली, कागद. वहीच्या पानावर तारीख, गाडीचा नंबर, काय बिघाड, कधी सांगितलं, कुणाला सांगितलं, सगळं लिहिलं. एक प्रत ऑफिसात देऊन दुसरीवर सही मागायची. सही देत नसतील तर त्याचाच फोटो काढून सुपरवायझरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा. भाषा नम्र ठेवायची. शिवी लिहिली की तक्रार तुमच्यावरच उलटते.

दुसरी, रेघ. कुठल्या बिघाडाला गाडी हलवायचीच नाही हे आधी ठरवून ठेवायचं. ब्रेक, स्टिअरिंग, गुळगुळीत झालेले टायर, रात्रीचे दिवे. टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली तर नियमानेच तो बाद आहे. काचेला तडा, सीट फाटलेली, पंखा बंद, यासाठी भांडा, पण गाडी चालवा. प्रत्येक गोष्टीवर अडून बसलं की खऱ्या गोष्टीवर कुणी ऐकत नाही. आणि डिझेल वाचवायला घाटात गाडी न्यूट्रलला टाकायची सवय आपल्याच हाताने मोडायची. गिअर काढला की इंजिनाचा आधार गेला, सगळा भार त्या झिजलेल्या लायनरवर. मालकाकडे बोट दाखवणाऱ्याने आपलं बोटही बघावं.

तिसरी, सोबत. एकटा बोलला की तो 'कटकट्या' ठरतो. त्याच कंपनीतल्या आणखी दोघांच्या गाड्यांची तीच रड होती. एक युपीचा भय्या, एक साताऱ्याकडचा मराठा. तिघांनी मिळून सही केली. संकट आलं की ब्रेक जात विचारत नाही, हे त्या तिघांना भाषण न देता कळलं.

चौथी, पोटाची तरतूद. लायसन्सच्या, पगाराच्या, प्रॉव्हिडंट फंडाच्या कागदांच्या प्रती घरी. दुसरीकडे चौकशी आजपासून सुरू. आणि आईला सगळं सांगायचं. घरात लपवून असा निर्णय पेलत नाही.

पुढे काय झालं ते जसंच्या तसं सांगतो. सोमवारी त्याने गाडी न्यायला नकार दिला. मालकाने त्याला १७ दिवस घरी बसवलं. त्या १७ दिवसांत आपल्या महिला मंडळाच्या भगिनींनी कुणाला न सांगता त्याच्या घरी तांदूळ, डाळ, तेल पोचवलं. आज आम्ही ते सांगितलं, त्याबद्दल त्यांनी आम्हाला क्षमा करावी. अठराव्या दिवशी बोलावणं आलं. दोन गाड्यांचे लायनर बदलले, हवेची गळती काढली. हा तिघांच्या कागदाचा परिणाम.

पण बंधूंनो, इथे टाळ्या नकोत. कारण मधल्या काळात याची गाडी उभी नव्हती. पहिल्याच आठवड्यात मालकाने बाहेरगावचा एक नवा पोरगा त्याच गाडीवर बसवून तिला घाटात पाठवलं होतं. काही झालं नाही, हे नशीब. आमच्या या पोराला हे कळलं तेव्हा तो रात्रभर झोपला नाही. मला म्हणाला, "काका, मी उतरलो आणि दुसऱ्याला चढवलं." त्या वाक्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. आपण खाली उतरलो म्हणून गाडी थांबत नाही. आपलं शील राखलं गेलं, पण रस्त्यावरची माणसं तेवढीच धोक्यात राहिली. मग आम्ही गाडीच्या नंबरासह आरटीओकडे लेखी अर्ज दिला. तो पहिल्याच दिवशी द्यायला हवा होता. ती आमची चूक, पोराची नव्हे. पुढच्या वेळी कुणी आमच्याकडे आला तर अर्ज आधी लिहू.

चार महिन्यांनी तिसऱ्या गाडीचं तेच रडगाणं सुरू झालं, तेव्हा त्याने ती नोकरी सोडली. आज तो दुसरीकडे छोटी गाडी चालवतो. पगार पाच हजारांनी कमी आहे. आईची कुरकुर अजून चालू आहे, आणि ती रास्त आहे. पण तो संध्याकाळी घरी येतो.

अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका आहे. आपण समजतो, दारू विकायची नाही, शस्त्रं विकायची नाहीत, झालं. पण बिनब्रेकची गाडी बाजारपेठेतून नेणं ही कसली आजीविका? आपण रोज पहिलं शील घेतो ते काय फक्त मुंगी-डासापुरतं? आणि त्याच वेळी हेही सांगतो, की सम्यक आजीविकेचं ओझं एकट्या ड्रायव्हरच्या डोक्यावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. तो नाही म्हणू शकतो की नाही, हे त्याच्या घरातल्या डब्यात किती दिवसांचे तांदूळ आहेत यावर ठरतं.

म्हणून समितीसमोर आम्ही दोन सूचना ठेवतो. एक, विहारात दर रविवारी वंदनेनंतर अर्धा तास कुणीतरी अर्ज लिहून द्यायला बसावं. आम्ही स्वतः बसू, गिरणी बंद झाल्यापासून आमच्याकडे वेळ आहे. दोन, दर घरामागे महिन्याला थोडी वर्गणी काढून एक डबा ठेवावा, आणि धोक्याच्या कामाला नाही म्हणून घरी बसलेल्याच्या घरात महिन्याचा शिधा त्यातून जावा. भीक म्हणून नको, आपलं कर्तव्य म्हणून. आणि माता-भगिनींना एक विनंती. पोरगा दुपारीच घरी आला तर "नोकरी गेली काय रे?" असं दारातच विचारू नका. आधी पाणी द्या. मग विचारा, "गाडीला काय झालं होतं?"

आमच्या त्या मित्राची बोटं परत येणार नाहीत. पण त्याची गोष्ट इतक्या वर्षांनी आज मोकळेपणाने सांगितली, आणि आमच्या मनावरचं ओझं थोडं हलकं झालं. 

जय भीम! नमो बुद्धाय!